उंबऱ्यातली शिंक

शालू गोठ्यात उभी होती. पदराचा बोळा तोंडात. अंगणात तिच्या लेकीची, भावनाची, बॅग भरून तयार होती. पोरीला अमरावतीला नर्सिंग शिकायला जायचं होतं, साडेआठच्या एसटीनं. घरातलं कोणी बाहेरगावी निघालं की शालूनं गोठ्यात जायचं, हा नऊ वर्षांचा शिरस्ता होता.

नऊ वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, तिचा नवरा शेषराव कापसाची गाडी घेऊन मूर्तिजापूरला निघाला. बैलांनी पाऊल उचललं आणि घरातून शिंक आली. एरवी माणूस दोन घोट पाणी पितो, घडीभर बसतो, मग निघतो. पण त्या साली खरेदी केंद्रावर दोन-दोन दिवसांच्या रांगा होत्या. नंबर मागं पडेल म्हणून शेषराव थांबला नाही. दुपारी खबर आली, गाडीला ट्रकनं उडवलं.

भावना शाळेत गेली होती. घरात तेव्हा दोघीच होत्या, शालू आणि तिची सासू पार्बताबाई. शालू तर पहाटेपासून शिंकत होती. शेताच्या धुऱ्यावर, बांधाला गाजरगवत फुललं की दरवर्षी तिचे असेच हाल व्हायचे. मयताला जमलेल्या बायांसमोर सासू बोलली, "माह्या लेकाले हिनं शिंकून धाडलं." शालूनं ते मानलं. गावानंही मानलं. परीक्षेला निघालेलं पोरगंसुद्धा तिचं दार टाळून वळसा घेऊन जाई.

यंदा भावनानंच तिला ओढून अकोल्याला नेलं, डॉक्टर हीनाबाईंकडे. म्हातारीही सोबत गेली. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. नाकाच्या आतल्या कातडीत पहारेकरी असतात. ते जन्मासोबत येतात, त्यांना कोणी शिकवत नाही. रोगाचे जंतू ते अंगाच्या ठेवणीवरून ओळखतात. पण काहींच्या नाकात गाजरगवताचे परागकण शिरले तरी त्यांना चोर शिरल्यासारखं वाटतं, आणि ते सगळ्या अंगाला उठवतात. शिंक म्हणजे तेवढंच. घरात आणखी कोणाला हा त्रास आहे का, असं त्यांनी विचारलं. शालूनं तोंड उघडायच्या आत म्हातारी 'नाही' म्हणाली आणि पदरानं नाक पुसलं. रस्त्याच्या धुळीनं गळते, म्हणाली.

गोळ्या सुरू होऊन बारा दिवस झाले होते. शालूला एकही शिंक आली नव्हती. तरी बोळा सुटत नव्हता. तो काढला की कानात गाडीची चाकं आणि ती शिंक वाजत.

"आई, बाहीर ये," भावना गोठ्याच्या दारात उभी होती. "तुले पायल्याबिगर मी जात नाई. एसटी गेली तं इथंच नर्स होतो, म्हशीले सुया टोचतो."

शालूनं बोळा काढला आणि बाहेर आली. भावना उंबऱ्यात बसलेल्या आजीच्या पाया पडली, आईच्या पडली, बॅग उचलली. अंगणाच्या पायरीवर पाऊल टाकलं आणि शिंक आली.

पोर थांबली. कुंपणापलीकडच्या बायाही थांबल्या. साऱ्यांच्या माना शालूकडे वळल्या. शालूनं हात तोंडाशी नेला. तोंड मिटलेलं होतं. नाक कोरडं होतं.

पुन्हा शिंक आली. तिच्या मागून, उंबऱ्यातून. नऊ वर्षं तिच्या कानात वाजत होती, ती हीच.

पार्बताबाईनं नाकावरचा पदर खाली घेतला.

"थांबू नको पोरी, जाय," ती म्हणाली. "शिंकेनं कोणी मरत नाई." मग शालूकडे न पाहता, हळू आवाजात, "त्या दिवशीबी मीच शिंकली होती."