आईचा मोडलेला हात

नऊ वर्षं बंद पडलेला ब्लॉग हर्षाने पुन्हा सुरू केला. घरच्या आठवणी आपल्यासोबत संपू नयेत, एवढंच तिच्या मनात होतं. पहिलीच आठवण तिने खरी लिहिली. भाजी खारट झाली म्हणून बाबांनी वरवंट्याने आईचा हात मोडला होता.

दुसऱ्याच दिवशी धाकटा भाऊ प्रफुल्ल बायकोला घेऊन सक्करदऱ्याला तिच्या घरी धडकला. त्याने लॅपटॉप फरशीवर आपटला आणि हर्षाचे केस धरून तिचं डोकं भिंतीवर आदळलं.

"काहून खोटं लिहून राहिली? आपल्या घराण्यात बाईवर हात उचलाची रीत नाही!"

तो तणतणत गाडी काढायला खाली गेला. त्याची बायको ज्योत्स्ना मागेच थांबली. नणंदेच्या कपाळावरचं रक्त पदराने पुसत हळूच म्हणाली,

"ताई, हे ब्लॉग लिहाचं मलेबी शिकवान का?"