एकेचाळीस मिनिटं

दिग्विजयने मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं आणि मोबाइल काउंटरवर सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

"काका मध्येच उठले की विषय संपला," तो उत्कर्षाला म्हणाला. "मग आठ गाणी आठ महिन्यांत, एकेक करून सोडायची. आणि पहिल्या गाण्याच्या सुरुवातीचं ते दीड मिनिटाचं गिटार कापायचं. ठरलं?"

"ठरलं. आणि नाही उठले, तर शुक्रवारी अख्खा अल्बम. एकदम. एकही सेकंद न कापता."

उत्कर्षा बोलून गेली. हिंजवडीच्या ऑफिसातून सुटल्यावर वारज्याच्या खोलीत बसून तिने दोन वर्षांत ही आठ गाणी रचली होती. त्यांचा क्रम लावायलाच चार महिने लागले होते. बँडमधल्या बाकीच्यांनी दोघांच्या भांडणाला वैतागून हात झटकले, तेव्हा दिग्विजयनेच पैज काढली, की आजच्या काळात जागचा न उठता एकेचाळीस मिनिटांचा अख्खा अल्बम ऐकणारा एक माणूस दाखव. उत्कर्षाने त्याला सरळ बुधवार पेठेत आणलं, दीनानाथकाकांच्या दुकानात. तिचा अ‍ॅम्प्लिफायर बिघडला की ती इथेच दुरुस्तीला टाकायची.

दुकान दुपारचं बंद होतं, म्हणजे शटर अर्धं खाली होतं. काका आता फक्त दुरुस्त्या करत. पण एके काळी कॉलेजची पोरं कोऱ्या कॅसेटी घेऊन यायची आणि काका त्यांना आपल्या रेकॉर्डवरून परदेशी रॉकचे अल्बम भरून द्यायचे. त्या वेळची पाटी अजून भिंतीवर होती: 'एकेक गाणं भरून मिळणार नाही. वाद घालू नये.'

"आणि काका, गिऱ्हाइकाला एकच गाणं हवं असेल तर?" दिग्विजयने विचारलं.

"सगळ्यांना एकच हवं असायचं. मी अख्खा अल्बम भरून द्यायचो. आठ दिवस कुरकुर करायचे, नवव्या दिवशी येऊन विचारायचे, काका, ते चौथं गाणं काय आहे हो?"

"आता तसं नाही चालत. दहा सेकंदांत आवडलं नाही तर लोक पुढे जातात."

"मग आपण दहा सेकंदांचीच गाणी करा. ताप मिटला. लावा आता."

लॅपटॉपची वायर जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडून दिग्विजयने गाणं सुरू केलं. काका दुखऱ्या पाठीवर हात ठेवून स्टुलावर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. नुसतं गिटार वाजत होतं. उत्कर्षाला ते दीड मिनिट पहिल्यांदाच फार लांबलचक वाटलं. काकांना डुलकी लागली तर? लागली तर लागली, तिने स्वतःला बजावलं, पण यातला एक सूर काढायचा नाही.

दुसऱ्या गाण्यात एक गृहस्थ शटरखालून वाकून आत आले. "काका, रिमोट झाला का?" काकांनी डोळे न उघडता बोटाने त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. तिसऱ्या गाण्यात काकांच्या पायाचा अंगठा हलू लागला. दिग्विजयने दोनदा जांभई दिली, एकदा मेसेज वाचले.

चौथं गाणं सगळ्यांत संथ. एक गिटार आणि उत्कर्षाचा आवाज, बस्स. शेवटी आवाजही थांबतो आणि एकच तार वाजत राहते. ती हळूहळू विरून गेली.

आणि काका उठले.

"उठले!" दिग्विजयने पाचवं गाणं सुरू व्हायच्या आतच लॅपटॉप थांबवला. "वीस मिनिटं, अकरा सेकंद. सॉरी उत्कर्षा. खरंच सॉरी, पण हेच सांगत होतो मी तुला."

उत्कर्षाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिला काकांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. दोन वर्षं तिने एका म्हाताऱ्या माणसाच्या पाठदुखीवर लावली होती.

काकांचं या दोघांकडे लक्षच नव्हतं. ते तरातरा मागच्या फळीपाशी गेले. तिथे धुळीने भरलेला कॅसेट डेक होता. त्यांनी बटण दाबलं, झाकण खटकन उघडलं. काकांनी आत दोन बोटं घातली आणि तसेच उभे राहिले. डेक रिकामा होता.

"काय हवंय काका?" उत्कर्षाने नाक पुसत विचारलं.

"काही नाही गं. सवय, दुसरं काय." काका ओशाळून हसले. "बाजू संपली ना, कॅसेट उलटायला उठलो."

दिग्विजयने लॅपटॉपकडे पाहिलं. पडद्यावर आठ गाण्यांची नावं एकाखाली एक होती. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये काहीच नव्हतं, साधी रेघसुद्धा नाही.

"हिने सांगितलं होतं तुम्हाला? इथे अर्धं होतं म्हणून?"

"सांगायचं काय त्यात? ऐकू येतं की."

क्रमावरून दिग्विजय चार महिने उत्कर्षाशी भांडला होता; चौथं गाणं चौथंच का, हे तिला एकदाही नीट सांगता आलं नव्हतं.

"पाचवं लाव," उत्कर्षा म्हणाली.

दिग्विजयने हात पुढे केला, पण काकांनी त्याला थांबवलं. त्यांनी शटर पार खालपर्यंत ओढलं, दिवा लावला आणि कोपऱ्यातलं दुसरं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"पाणीबिणी प्यायचं असेल तर आत्ताच पिऊन घ्या," ते म्हणाले. "दुसऱ्या बाजूला कोणी मध्ये उठायचं नाही."