जॅकच्या दांड्यावरचा हात

बन्सीधररावांच्या बुटक्या रेसच्या गाडीची बंपरखालची पट्टी पेडगावच्या रस्त्याला घासून घासून पार झिजली होती. मानवतचा मिस्त्री सूर्यभान गाडी जॅकवर चढवून खाली शिरला, जुनी पट्टी काढली आणि नवी बसवायला लागला. उताणं पडल्यापडल्या त्याला बाहेरचं दिसत होतं ते एवढंच: मालकांचे जोडे, आणि जॅकच्या दांड्यावर येऊन टेकलेला त्यांचा हात.

"सूर्यभान, सोमवारी परभणीला विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्च्यात तू व्हतास म्हनं?"

सूर्यभानच्या हातातला पाना थांबला. नामांतराचं नाव काढलं म्हणून दलितांच्या वस्त्या पेटवल्याचं त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. छातीपासून वीतभर अंतरावर गाडी होती. 'न्हाई' म्हटलं की सुटका होती.

"व्हतो, मालक," तो म्हणाला आणि त्यानं डोळे गच्च मिटून घेतले.

दांडा करकरला. पण गाडी खाली आली नाही. सूर्यभाननं डोळे उघडले, तर दांड्याचा आधार घेत मालकच धुळीत बसले होते आणि वाकून गाडीखाली बघत होते.

"आमचा पोरगा दिगंबर बी तुमच्यात व्हता रं," ते हळू आवाजात म्हणाले. "घरी न सांगता गेला. आज चार दिस झाले, परत आला न्हाई. आमच्या गावात तर समदे नामांतराच्या इरोधात, कुनाला इचारायची सोय न्हाई. तुला दिसला का कुटं?"