आधी काटा, मग कागद

धानाचा सातवा ट्रॅक्टर मिलच्या वजनकाट्यावर चढला आणि खुमेंद्रच्या स्क्रीनवरचा आकडा ५८४० वर थिजला. पावती छापणारा प्रिंटर एकदा कुरकुरला आणि गप्प बसला. मागे कामठ्याच्या रस्त्यापर्यंत ट्रॅक्टरांची रांग, आणि प्रत्येकाचा हात हॉर्नवर.

"तीसरा दिन है, खुमेंद्र!" राइस मिलचे मालक दुलीचंद सेठ दारातूनच ओरडले. "बारा बजे तक नहीं चला, तो अपना डब्बा उठाना और अपने गांव कुडवा चले जाना."

खुमेंद्रची कानशिलं तापली. मिलच्या काट्याचा १९९९ सालचा कॉम्प्युटर उन्हाळ्यात मेला, आणि काट्याचा प्रोग्राम तर त्याच्याशिवाय चालेना. म्हणून खुमेंद्रनं नव्या कॉम्प्युटरच्या पोटात तो जुनाच उभा केला. त्याची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर चार महिने खपून लिहिलं. घरी ते झकास चाललं. घरी ट्रॅक्टर नव्हते. आता इथं नाक कापलं गेलं, तर गोंदियातली दुसरी कुठलीही मिल त्याला फाटकाच्या आत घेणार नव्हती.

शेजारी श्यामलाल मिठाची गुळणी धरून बसला होता. दहा वर्षं काट्यावरचा माणूस, त्याआधी हमाल. पहिल्या दिवशी तो प्रिंटरच्या बटणाशी खुडबुड करायला लागला तसा खुमेंद्र खेकसला होता, "काका, प्रिंटरले हात लावायचा नाही. हे तुमचं जुनं खटारं नोहे!" तेव्हापासून श्यामलालनं हात लावला नाही की तोंड उघडलं नाही. मशीन अडकलं की मात्र तो मिशीत हसायचा. त्या हसण्यानं खुमेंद्रच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

खुमेंद्रनं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, सातव्याची पावती कशीबशी काढली, नोंदी उघडल्या. दुखणं कळत होतं. सॉफ्टवेअरमध्ये दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी दोन कामं. एकानं काटा धरलेला आणि ते प्रिंटरची वाट बघतंय. दुसऱ्यानं प्रिंटर धरलेला आणि ते काट्याची वाट बघतंय. हातातलं कुणीच सोडत नाही. पण मग जुन्या कॉम्प्युटरवर इतकी वर्षं हे निभावलं कसं?

"काका, जुनं मशीन असं अटकत होतं का?"

"मले काय मालूम?" श्यामलाल म्हणाला. "मी तं खटाऱ्यावरचा माणूस."

आठवा ट्रॅक्टर चढला. आकडा डुगडुगू लागला, आणि श्यामलालचा हात आपसूक प्रिंटरकडे गेला. बटणाजवळ थबकला, मागे आला. नवव्या ट्रॅक्टरलाही तसंच. या वेळी खुमेंद्र स्क्रीनकडे बघतच नव्हता, तो त्या हाताकडे बघत होता.

"आकडा ठरेपर्यंत तुम्ही प्रिंटर बंद ठेवत होते!" तो जवळजवळ किंचाळला. "आधी काटा, मग कागद!"

श्यामलालनं हात मांडीखाली दाबला. "मी काही नाही बोललो."

बोलायची गरजही नव्हती. खुमेंद्रनं भराभर चार ओळी बदलल्या. कुठल्याही थ्रेडनं आधी काटाच धरायचा; तो हाती आल्याशिवाय प्रिंटरला शिवायचं नाही. दहावा ट्रॅक्टर गेला. तेरावा गेला. विसावा पावती घेऊन उतरला तेव्हा बाराला दहा कमी होते. खुमेंद्रचा जीव भांड्यात पडला, पण राग काही उतरला नाही.

"सगळं मालूम होतं, तं तीन दिवस काऊन नाही सांगितलं? माझी फजिती पाहून राहिले होते?"

उत्तर यायच्या आत सेठ आले. सरकती रांग त्यांनी डोळे भरून पाहिली.

"बटन कौन दबाता है अब?"

"कोणीच नाही, सेठजी." खुमेंद्रची छाती फुगली. "ट्रॅक्टर चढला की सगळं आपोआप. माणसाचं कामच नाही."

"अच्छा?" सेठ श्यामलालकडे वळले. "फिर तू यहां बैठ के क्या करेगा? कल से बोरे उठाने आ जा."

हॉर्न थांबले होते. "सेठजी," म्हणत खुमेंद्र उठेपर्यंत सेठ निघूनही गेले होते. श्यामलाल गुडघ्यावर हात टेकून उठला, खुर्चीच्या पाठीवरचा दुपट्टा त्यानं खांद्यावर टाकला.

"काऊन नाही सांगितलं, विचारून राहिले होते ना, बाबू?" तो म्हणाला. "पयल्या दिवशी सांगतलो असतो, तं पयल्याच दिवशी गेलो असतो."