कोळशाची रेघ

तेजराम सकाळपासून धास्तावलेला होता. कारखान्याच्या बास्केटबॉल संघात एक नवा पोरगा घ्यायचा होता आणि पोरं पारखायचं काम साहेबांनी त्याच्यावरच टाकलं होतं. नवा आला की सर्वांत जुना, म्हणजे तोच, संघातून निघून पुन्हा भट्टीच्या कामावर जाणार. भिंतीवर त्याच्या दहा वर्षांपूर्वीच्या उडीची कोळशाची रेघ होती. साहेबांना ती ओलांडणाराच हवा होता. पोरं उड्या मारून दमली, कुणाचाच हात पोचला नाही. एकोडी गावचा डोमाही बोटभर खालीच थांबला. तेजरामला सुटल्यासारखं वाटलं, तरी तोंडातून निघून गेलं, "काहून रे, सकाळी त रिंगले लोंबकळत होता ना तू?" डोमानं मान खाली घातली. "मोठ्या मानसाच्या रेघेच्या वर हात कसा नेऊ, भाऊ?" तेजरामच्या तोंडावर भट्टीची धग आली. स्टूल ओढून त्यानं रेघ पुसली. "मार आता उडी."