फितूर पात

त्या वर्षी पातीचा कांदा इतका महागला की कोरियात, सोलमधल्या आमच्या इमारतीत तो घरोघरी उगवायला लागला. पात कापून घ्यायची आणि मुळांसकट बुडखे पाण्यात ठेवायचे. माझे स्वयंपाकघराच्या खिडकीत, दुधाच्या कापलेल्या बाटलीत होते.

पण माझी पात उजेडाकडे झुकायचीच नाही. माझा नवरा सांगुक जिथे बसेल, तिकडे तिचे शेंडे वळायचे.

"पाणी मी घालते आणि लळा तुझा! मेली फितूर," मी म्हणायचे.

"तू कात्री घेऊन येतेस ना," तो हसायचा.

मग तो कामासाठी बुसानला जाऊन आला. आल्या आल्या म्हणाला, "दाराच्या बटणांच्या कुलपाचा आकडा बदलून घे." मी विसरले.

तेव्हापासून पात त्याच्याकडे बघेना. तो समोर बसलेला असला, तरी ती आपली दाराकडे वळलेली. मी बाटली फिरवून ठेवायचे, पण थोड्या वेळाने शेंडे पुन्हा दाराकडेच.

"इतक्यात विसरलीस त्याला?" मी पातीवर चिडले.

काल संध्याकाळी आम्ही दोघं जेवत होतो. पात दाराकडे अशी ताणली गेली की बाटलीच कलंडली. दाराबाहेर कोणीतरी खोकलं. तो खोकला सांगुकचा होता. मग कुलपाची बटणं एकेक करून वाजली आणि पाठोपाठ आकडा बरोबर असल्याची धून.

माझ्या समोर बसलेल्याने चमचा खाली ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते.

"बदल म्हटलं होतं ना गं तुला," तो म्हणाला.