कालचा डिंक

ट्रॉम्बोन या फुंकून वाजवायच्या पितळी वाद्याची लांबलचक पेटी जेवणाच्या टेबलावर आडवी पडली होती आणि नवरोबा तिच्या झाकणावर फडक्यानं खायचं तेल चोळत बसले होते. बायको आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. "टेबलाला तेल लावू नका हं," असं तिनं तिथूनच दोनदा बजावलं होतं. दोन्ही वेळा त्यांनी "हो हो" म्हणत आणखी दोन थेंब सांडले होते.

रविवारी वाद्यवृंदाचा वार्षिक कार्यक्रम होता. तळमजल्यावरच्या शिंप्यापासून वरच्या डॉक्टरीणबाईंपर्यंत अख्ख्या इमारतीला त्यांनी आमंत्रण देऊन ठेवलं होतं. "आमची ही दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरी," हे सांगताना त्यांची छाती अशी फुगायची की शर्टाच्या गुंड्यांची काळजी वाटावी. आणि अशा बाईच्या पेटीवर, ऐन कडीशेजारी, हा तळहाताएवढा चिकट काळा डाग? शोभतं का?

तीस वर्षं त्यांनी बाटल्यांवर लेबलं चिकटवायच्या कारखान्यात काढली होती. पक्वान्नाचा पाक आचाऱ्याला कळतो तसा डिंक त्यांना दोन बोटांत कळायचा. तेल मुरल्यावर त्यांनी एक जुनं प्लास्टिकचं कार्ड घेतलं आणि डाग खरवडायला सुरुवात केली.

एक थर निघाला. खाली दुसरा. त्याच्याखाली तिसरा, जरासा तिरका.

"अरेच्चा!" ते स्वतःशीच म्हणाले. एक स्टिकर एकच थर ठेवतो. इथे सहा होते. वरच्या थरातला कण त्यांनी अंगठा आणि तर्जनीत धरला आणि बोटं हळूच लांब केली. बारीक तार निघाली. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तार.

"अगं, पेटीवर स्टिकर कोण लावतं?"

आतली हालचाल थांबली. "कसला स्टिकर? जुना असेल एखादा."

"जुना डिंक पिवळा पडतो, कडक होतो. त्याचे पापुद्रे निघतात. हा तार धरतोय. हा कालचा आहे, मंगळवारचा, तुझ्या तालमीच्या दिवसाचा."

"रिकामपणाचे उद्योग! पुसायचं ते पुसा आणि टेबल मोकळं करा."

पण आता कसले ते ऐकतात. त्यांना सुगावा लागला होता. चष्मा नाकावर चढवून त्यांनी पेटी खिडकीकडे वळवली. कडीच्या फटीत कागदाचा एक कोपरा अडकून राहिला होता. टाचणीनं तो अलगद बाहेर काढला. त्यावर अडतीस आकडा, आणि खाली उघड्या पुस्तकाचं अर्धं चित्र. त्यांनी तो उलटा धरला, सुलटा धरला, मग एकदम टेबलावर थाप मारली.

"सापडलं! वाचनालय! सामान काउंटरवर ठेवून घेतात, त्याचा नंबर!" शब्दकोडं सुटल्यासारखे ते खुशीत आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. "तालमीच्या आधी वाचनालयात जातेस होय? सांगायचं की मग!"

ती पलंगावर बसली होती. मांडीवर त्यांचाच शर्ट होता, अर्धवट घडीचा.

"आधी नाही," ती म्हणाली.

"मग तालीम झाल्यावर?"

"नंतरही नाही."

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच राहिलं. ते आवरायला त्यांना थोडा वेळ लागला.

"माझ्या जागी नवीन मुलगी आलीय," ती शर्टाकडे बघत म्हणाली. "श्वास लांब आहे तिचा. माझा आता पुरत नाही, मलाही कळतं ते. वाद्यवृंदवाल्यांनी सरळ सांगितलं, मी सरळ ऐकलं. सात मंगळवार झाले."

"मी सहा मोजले."

"एक नीट निघाला असेल."

त्यांना हसूही येईना आणि रडूही. "मला सांगितलं नाहीस."

"कधी सांगणार? ज्या दिवशी सांगायचं ठरवलं, त्या दिवशी तुम्ही शिंप्याला बोलावून आलात. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना. मी तोंड उघडेपर्यंत तुमचे दोन मजले झालेले असायचे."

त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. सात आठवडे बिचारीनं ती धोंड्यासारखी जड पेटी उचलून नेली होती आणि परत आणली होती, आणि ते मात्र जिन्यात टेंभा मिरवत होते. हातातलं तेलकट फडकं कुठे ठेवावं, हेही त्यांना सुचेना.

"तिथे काय करतेस?" त्यांनी विचारलं. आवाज आपोआप खाली आला होता.

तिनं पहिल्यांदाच वर पाहिलं. विचारणारा माणूस रागावलेला नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ज्या रचनेची तालीम असते तिची स्वरलिपी पुढ्यात घेऊन बसते. घड्याळ लावून. माझी जागा आली की मनातल्या मनात वाजवते. मागच्या मंगळवारी चुकून पायानं ताल धरला, तर समोरचे आजोबा केवढ्यांदा खेकसले माझ्यावर." ती हसली, आणि हसता हसताच तिनं त्यांच्या शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

ते तिच्या शेजारी बसले. पलंग कुरकुरला.

"इमारतीला मी सांगतो," ते म्हणाले. "मीच बोंब मारलीय, मीच निस्तरतो."

तिनं मांडीवरच्या शर्टाची घडी पुरी केली.

"पुढच्या मंगळवारी मीही येऊ?" त्यांनी विचारलं. "पण माझ्याकडे काउंटरवर ठेवायला काहीच नाही. तरी आत सोडतील ना?"